अडीच किलोमीटर

वेळ अमावास्येची पांडवांची पूजा उरकली, चारी बांधांना आंबील शिंपडून झाली, पहिली पंगत बसून उठलीसुद्धा; पण चतुराबाईंनी अजून ताटाला हात लावला नव्हता. कडब्याच्या कोपीत, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांसमोर त्या पाय मुडपून बसल्या होत्या. ताटातली मिसळ भाज्यांची भज्जी गार होऊन तिच्यावर पापुद्रा धरला होता.

"अक्का, दोन घास तरी घ्या," दीपमाला तिसऱ्यांदा म्हणाली. "वर्षाची येळवस. माझ्या माहेरच्या रानातून उपाशी जाता का?"

"पोरीच्या भाकरीत माती कालवली, अन् मला बाजरीचे उंडे वाढून राहिलीस व्हय?"

दीपमाला गप्प बसली. खासदाराची बायको झाल्यापासून तिला गप्प बसण्याची सवय लागली होती. पण थोरल्या जावेपुढचं हे गप्प बसणं निराळं होतं.

कोपीच्या तोंडाशी आप्पासाहेब बसले होते. पाठीला मेढ टोचत होती, पण सरकून बसलं तर सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जाईल म्हणून ते तसेच राहिले. तिघा भावांत ते थोरले. हिमायतनगरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जन्म काढलेले. मधला गुरुपादप्पा, चतुराबाईंचा नवरा, जाऊन बारा वर्षं झाली. धाकटा शिवशंकर विरोधी बाकावरचा खासदार. तो या घटकेला बांधावर कार्यकर्त्यांच्या गराड्यात उभा राहून सकाळपासूनची नववी आंबील पीत होता. वेळ अमावास्येला लातूर शहर ओस पडतं, सगळं माणूस रानात येतं, आणि ज्याच्या रानावरून खासदाराची गाडी जाईल तो हात करून थांबवतोच. थांबला नाही तर पुढच्या येळवशीपर्यंत बोलून दाखवतो.

शिवशंकर आत आला तो मिशी पुसतच. मागोमाग त्याचा मुलगा सुदर्शन. शिल्पा, चतुराबाईंची एकुलती एक मुलगी, कोपीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली होती. लहानपणी खुब्यात पू झाला, तेव्हापासून तिचा डावा पाय खाली बसू देत नसे.

"हां वहिनी, बोला," शिवशंकर म्हणाला. "काय कागद आलाय म्हणत होता?"

चतुराबाईंनी पदराआडून पाकीट काढून त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते सुदर्शनकडे दिलं. सुदर्शननं मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

कागद शिल्पाच्या कचेरीतून आलेला. नऊ महिन्यांपूर्वी ती दिव्यांगांच्या जागेवर नांदेडला लिपिक म्हणून लागली होती. अजून कायम व्हायची होती. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवारानं तक्रार केली होती आणि सोबत खासदारांच्या एका भाषणाचा व्हिडिओ जोडला होता. शिल्पानं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं होतं, की आधाराशिवाय शंभर पावलांपलीकडे मला चालता येत नाही. उलट तिचे चुलते, माननीय खासदार, यांनी पावसाळी अधिवेशनात लोकसभेत सांगितलं होतं, की ती अडीच किलोमीटर पायी चालत फाट्यावर जात असे. या विसंगतीचा समाधानकारक खुलासा दोन जानेवारीला न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

"दोन जानेवारी म्हणजे परवाच्या पल्याड," दीपमाला हळूच म्हणाली.

आप्पासाहेबांना भाषणातलं ते वाक्य वाचून दाखवायची गरज नव्हती. त्यांना ते पाठ होतं. *हातात काठी, खांद्याला कागदांची पिशवी, अशी ती मुलगी अडीच किलोमीटर चालत फाट्यावर जाते; आणि सरकार तिला विचारतं, तू अपंग आहेस याचा पुरावा काय?* शून्य प्रहरात शिवशंकरनं ते म्हटलं तेव्हा समोरच्या बाकांवरच्या दोघांनीही बाक वाजवले होते. आठ दिवस ते जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होतं. त्याचा उपयोगही झाला होता. दिव्यांगांची तपासणी नांदेडला एकाच ठिकाणी न करता महिन्यातून एकदा तालुक्याला शिबिर भरायला लागलं. इस्लापूरकडची चारशे माणसं परगावी हेलपाटे न घालता प्रमाणपत्र घेऊन घरी गेली. आप्पासाहेबांनी तो आकडा वहीत लिहून ठेवला होता. आयुष्यात आपल्या हातून काही झालं असेल तर हे, असं त्यांना वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची.

कारण ते भाषण त्यांनी लिहिलं होतं. तेच नव्हे, सगळीच. शिवशंकर पहिल्यांदा विधानसभेत गेला तेव्हापासून, निराधारांच्या पगारीपासून एसटीच्या फेऱ्यांपर्यंत. ही गोष्ट दोघा भावांत होती. दीपमालाला ठाऊक होती. बाहेर कुणाला नाही.

"शिवाभावजी," चतुराबाई म्हणाल्या, "माझी लेक कधी चालली हो अडीच किलोमीटर? तुम्ही बघितलं? सपनात बघितलं?"

"वहिनी, भाषणात थोडं इकडं तिकडं होतं."

"इकडं तिकडं? तिला या कोपीतून रस्त्याला जायचं म्हणलं तर चारदा थांबावं लागतंय. तुम्ही दिल्लीत बसून पोरीला पळवली की!"

बाहेर कुणीतरी "भाऊसाहेब, चला, आमच्या कोपीवर" म्हणून हाक मारली. सुदर्शननं बाहेर तोंड काढून "दहा मिनिटं" म्हणून सांगितलं.

"तुम्ही एक पत्र द्या," शिल्पा पहिल्यांदाच बोलली. "मी कचेरीत विचारलंय. सभागृहात सांगितलं ते चुकीचं होतं, असं अध्यक्षांना लिहून द्यायचं. त्याची प्रत मी सुनावणीला लावते. बाकी माझे एक्स-रे आहेत, डॉक्टरांचे कागद आहेत. फक्त तुमचं बोलणं आडवं येतंय."

शिवशंकरनं सुदर्शनच्या हातून कागद घेतला आणि घडी घालून परत पाकिटात सरकवला.

"शिल्पे, हे लिहून देणं म्हणजे काय, तुला कळतंय का? मी सभागृहात खोटं बोललो, माझ्या सहीनं. उद्या मी पगारीवर बोललो, एसटीवर बोललो, की समोरचे उठून म्हणतील, हे तेच का, पुतणीला चालवणारे? सगळं धुऊन जाईल. शिबिरंसुद्धा बंद पाडतील, म्हणतील खोट्यावर सुरू झाली."

"अन् दोन महिन्यांत जिल्हा परिषद लागतीय," सुदर्शन म्हणाला. त्याच्या तिकिटाची बोलणी चालू होती. "पत्र बाहेर आलं की माझा फॉर्म भरायच्या आधीच पडला म्हणून समजा."

"तुझा फॉर्म पडंल, हिची भाकर पडंल," चतुराबाई म्हणाल्या. "तूच तोल बाबा. इंजिनिअर हाईस."

"काकू, मी असं म्हणलो का? दुसरी वाट काढू. मी वकील देतो."

"शिवाकाका," शिल्पा म्हणाली, "ते वाक्य लिहिलं कुणी?"

 शिवशंकरची नजर आप्पासाहेबांकडे गेली नाही. ती जाऊ नये म्हणून त्यानं किती जोर लावला असेल, ते आप्पासाहेबांना कळलं.

"हाफिसातली पोरं लिहितात गं," तो म्हणाला. "दिल्लीतली. त्यांना काय माहीत, फाटा कुठं अन् गाव कुठं."

आता बोलायचं होतं. आप्पासाहेबांनी तोंड उघडलंही; पण घशातून नुसताच खाकरल्यासारखा आवाज आला. दीपमालानं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी प्यायले, आणि ती वेळ निघून गेली.

शिल्पा उठली. कुबडी काखेत घेऊन ती बाहेर पडली आणि कोपीमागच्या बोरीखाली टाकलेल्या बाजेकडे गेली. फार तर वीस पावलं. मागोमाग आप्पासाहेबही उठले. उठताना पाठीमागून चतुराबाई म्हणाल्या, "जा, तुम्हीच काहीतरी समजूत घाला. पुस्तकातलं सांगा एखादं."

बाजेजवळ आल्यावर बसावं की उभं राहावं ते त्यांना कळेना. पलीकडे हरभऱ्यात बायका हसत होत्या. कुणीतरी कुणाला बळंच तिळाची पोळी भरवत होतं.

"शिल्पा, ते हाफिसातल्या पोरांनी लिहिलेलं नाही."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"मोठे काका, दहा वर्षं मी तुमची भाषणं ऐकते. शिवाकाका घरी बोलतात का असं कधी? त्यांना नुसतं वाढदिवसाचं बोल म्हणलं तरी दोन वाक्यांत 'या ठिकाणी' तीनदा येतं."

आप्पासाहेबांना हसू आलं नाही. "मग आत का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

ते बाजेच्या कडेवर बसले. गुडघ्यांवर हात ठेवले, पुन्हा काढले.

"मी चालत नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग?"

"कॉलेजात पुस्तकांना जिल्द घालायला जिलानी यायचा. त्याची मुलगी बुशरा. तिचा एक पाय आखूड आहे. ती वस्तीवरून काठी टेकत कॉलेजला चालत यायची, रोज. ग्रंथालयाच्या खिडकीतून मला दिसायची. अन् तुझे नांदेडचे सात हेलपाटे मला ठाऊक होते. त्या दिवशी लिहिताना मी..." ते थांबले. "दोघींची एक केली. सात हेलपाटे तुझे, चालणं तिचं."

"का?"

याचं उत्तर त्यांनी चार महिने स्वतःला दिलं नव्हतं. आता ते आपसूक बाहेर आलं.

"वाक्य चांगलं झालं होतं."

शिल्पानं त्यांच्याकडे बघितलं. रागावून बघितलं असतं तर सोसायला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती, कचेरीत एखादा कागद अपुरा निघावा तशी.

"मग मी फाट्यावर कशी जात होते?" तिनं विचारलं.

आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं. आपण विचारलं नव्हतं, हे त्यांना या क्षणी कळलं. सणावाराला ते गावी जायचे, शिल्पासाठी पुस्तक न्यायचे, चहा प्यायचे, आणि शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं परत यायचे.

"आई बाबांच्या सायकलवर मला मागं बसवायची अन् सायकल ढकलत न्यायची. तिला चालवता कुठं येती? नाल्याला पाणी असलं की आधी सायकल पलीकडं नेऊन टेकवायची, मग परत येऊन मला पाठीवर घ्यायची. सातांतले पाच हेलपाटे असे. पाचव्या वेळी दिवसभर बसून आमचा नंबर आला नाही. परत फाट्यावर उतरलो, तर टपरीमागं लावलेली सायकल कुणीतरी नेलेली. रिक्षा नव्हती, जाणारं येणारं कुणी नव्हतं. तिनं मला गावापर्यंत पाठीवर आणलं." तिनं कुबडी बाजेला टेकवली. "तुमचं अडीच किलोमीटर खरंय, मोठे काका. फक्त पाय आईचे होते."

 आप्पासाहेबांना बोलण्यासारखं जे जे सुचत होतं, ते सगळं लिहिल्यासारखं वाटत होतं.

ते कोपीत परत आले तेव्हा सुदर्शन फोनवर कुणा वकिलाशी बोलत होता. आप्पासाहेब बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "चतुराबाई, ते भाषण मी लिहिलं. सगळी मीच लिहितो. शिल्पाचं चालणं मी माझ्या मनानं घातलं."

चतुराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी त्या कधी नजर वर करून बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्यांनी वर बघितलं.

"तुम्ही?"

"हाव."

"ते लिहिणाऱ्याला मी चार महिने शिव्या देऊन राहिले. सकाळ संध्याकाळ. तुम्हाला लागत होत्या म्हणायच्या."

"दादा, काय गरज होती?" शिवशंकर कळवळून म्हणाला. "मी झाकत होतो ना."

"मी प्रतिज्ञापत्र देतो. खोटं माझं होतं म्हणून."

"तुमचं कोण वाचतंय? बोललो मी. नोंद माझ्या नावावर आहे."

मग बुशराचं निघालं. आप्पासाहेबांनी सगळं सांगितलं. सुदर्शननं फोन खिशात टाकला.

"मग मिटलंच की! ती मुलगी खरीच आहे. नाव अदलाबदल झालं, एवढंच लिहून देऊ. साहेब खोटं बोलले नाहीत, शिल्पाही सुटली."

शिवशंकरच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. आप्पासाहेबांनाही पडल्यासारखा वाटला. ती वाट इतकी सरळ होती.

"तिचं प्रमाणपत्र पंचेचाळीस टक्क्यांचं आहे," ते ओढून आणल्यासारखं बोलले. "फेरतपासणीत चाळीसच्या खाली आलं की तिच्या सगळ्या सवलती बंद. तिचं नाव घेतलं तर हाच कागद तिला जाईल."

"तिचं नाव नाही घ्यायचं," बाहेरून येत शिल्पा म्हणाली.

"ती तुझी कोण गं?" सुदर्शन म्हणाला.

"कोणी नाही. म्हणूनच."

"जिलानीभाईची लेक," चतुराबाई म्हणाल्या. "एकीच्या पायातला काटा काढून दुसरीच्या घालायचा व्हय रं? माझ्या पोरीला न्हाई असली सुटका पायजे."

"मग काय करू मी?" शिवशंकर एकदम ओरडला. "दादानं लिहिलं, मी वाचलं. त्यांच्या कागदावर डोळे झाकून उभा राहत आलो मी. एक आकडा कधी तपासला नाही. अन् आता फासावर मी जाऊ?"

"ऐका," दीपमाला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती भज्जीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"तो कागद दिल्लीला जायच्या आधी मी वाचला होता. दादांनी 'एक मुलगी' लिहिलं होतं. नाव नाही, नातं नाही. 'ती माझी सख्खी पुतणी आहे' हे तुम्ही उभं राहिल्यावर घातलं. टाळ्या पडाव्या म्हणून. दादांचं चुकलं ते चुकलं. पण शिल्पाच्या दारापर्यंत तो कागद तुमच्या बोलण्यानं आला."

"आई!" सुदर्शन म्हणाला.

"तुझं तिकीट मला नको झालंय का? पण हिच्या नोकरीवर पाय देऊन तू निवडून आलास, तर या रानात मी पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं पांडव मांडू?"

शिवशंकर खाली बसला. बाहेर पुन्हा "भाऊसाहेब" म्हणून हाक आली. या वेळी कुणीच उत्तर दिलं नाही. तो थकलेला दिसत होता, आणि आप्पासाहेबांना एकाएकी तो सहा वर्षांचा शिवा आठवला, ज्याचा गृहपाठही तेच लिहून द्यायचे. सवय तिथली होती.

"लिहा," शिवशंकर म्हणाला. "सही करतो."

आप्पासाहेबांनी पेन काढलं. सुदर्शननं गाडीतून वडिलांच्या नावाचा छापील कागद आणून दिला. मांडीवर परात पालथी घालून त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या चार ओळी सरळ गेल्या: अमुक दिवशी मी केलेल्या निवेदनातील अमुक तपशील वस्तुस्थितीला धरून नव्हता. मग त्यांनी लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "वास्तविक तिची आई अपार कष्टाने तिला..."

"अपार न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "सायकल लिवा."

त्यांनी खोडलं. सायकल लिहिलं.

"ढकलत. चालवत न्हाई."

"ढकलत," त्यांनी लिहिलं.

"नाल्याला पाणी असल्यास पाठीवर घेऊन," शिल्पा म्हणाली. "एवढंच. पाचव्या खेपेचं घालू नका. त्याचा इथं संबंध नाही."

तेच त्यांना घालावंसं वाटत होतं. त्यांनी ते घातलं नाही. पत्र अर्ध्या पानात संपलं. शिवशंकरनं ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं भावाच्या हातचा कागद सही करायच्या आधी वाचला. सही केली, पेन परत दिलं.

"दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या अधिवेशनापासून सुदर्शनच बघंल लिहिण्याचं. त्याला येत नाही, पण... निदान जास्तीचं काही येणार नाही त्याला."

"हाव," आप्पासाहेब म्हणाले. "बरोबर आहे."

शिवशंकर थोडा वेळ तिथेच घुटमळला, भावाच्या खांद्याला हात लावला, आणि बाहेर पडला. बाहेर पडताच त्याचा आवाज मोठा झाला. "चला, कुणाची आंबील राहिली?"

पत्राचा उपयोग होईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अधिकारी ते मानेल किंवा घरच्यांनीच लिहिलंय म्हणेल. लिहिलं होतं घरच्यांनीच. शिल्पानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. चतुराबाईंनी अखेर अर्धा उंडा मोडून खाल्ला, तो दीपमालाच्या हातून. आप्पासाहेबांना कुणी वाढलं नाही असं नव्हतं. त्यांचं ताट केव्हाचं कोपीत तसंच पडून होतं.

उन्हं कलायच्या आत नांदेडला निघायचं होतं. गाडी रस्त्यावर उभी होती आणि मधे ज्वारीच्या कडेनं ढेकळांची वाट. आप्पासाहेबांनी हात पुढे केला. "नको, मोठे काका," शिल्पा म्हणाली, तुटकपणे नाही, आणि आईचा खांदा धरून निघाली. ते मागे राहिले.

तीस एक पावलांवर ती थांबली. चतुराबाई वळून बघत नव्हत्या. त्या उगीच पदर नीट करत राहिल्या, जणू थांबायचं त्यांनाच होतं. मग कुबडी पुढे पडली, मग उजवा पाय, मग कमरेतून सगळं अंग उचलून डावा. ढेकूळ आलं की कुबडी आधी ते चाचपून बघायची. पुन्हा थांबल्या. या वेळी चतुराबाईंना पायातला काटा बघायचा होता, काटा नव्हता. कणसं बघायला म्हणून तिसऱ्यांदा. आप्पासाहेब दहा हात मागे, त्या थांबल्या की थांबत होते. इतकी वर्षं ही मुलगी त्यांच्यासमोर चालत होती. चौथ्यांदा त्या दोघी थांबल्या तेव्हा शिल्पाचा श्वास त्यांना तिथवर ऐकू आला, आणि गाडी अजून बरीच लांब होती.